ज्ञानकोशांतील ‘अराजक’



कुर्ल्याच्या एका शाळेंत मीं तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना नागरिकशास्त्र शिकविलें. ‘अराजक’ हा शब्द आला, कीं मी फळ्यावर त्यापुढें ‘बंडाळी, बेबंदशाही’ असे दोन शब्द लिहीत असें आणि पुढच्या धड्याकडे वळत असें. मुलांनीं ते शब्द वहींत उतरून घेतले, परीक्षेंत लिहिले, आणि मीं त्यांस पूर्ण गुण दिले. सेवानिवृत्तीनंतर याच दोन शब्दांनीं मला अडचणींत आणलें, त्याची हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे.

संगणकावर वाचावयाच्या मुक्त ज्ञानकोशांची ओळख मला माझ्या नातवानें करून दिली. विकिपीडियाचा आरंभ २००१ च्या जानेवारींत झाला आणि मराठी विकिपीडियाचा २००३ च्या मे महिन्यांत. डॉ. केतकरांनीं आपल्या ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, ते मंडळ स्थापून, भांडवल जमवून आणि लेखकांच्या मागें लागून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं वाईस विश्वकोशाचा संसार मांडला. दोन्हीं ठिकाणीं संपादक होते आणि अखेरचा शब्द त्यांचा होता. या नव्या कोशांत मात्र जो वाचील त्यास लिहितां येतें, आणि एकानें लिहिलेलें दुसऱ्यास पुसतां येतें. प्रत्येक लेखामागें ‘इतिहास’ नांवाचें एक पान असतें. कोणता काना, कोणती मात्रा केव्हां बदलली, हें सारें तेथें नोंदलेलें असतें. वाद घालण्यासाठीं निराळें ‘चर्चा पान’ असतें. मराठी विकिपीडियानें सर्वसाधारण खलबतांच्या जागेस ‘चावडी’ हें नांव दिलें आहे, व नवख्यांनीं हात वळवावा म्हणून ‘धूळपाटी’ ठेविली आहे. हीं नांवें ज्यांनीं सुचविलीं, त्यांना या मास्तराचा आशीर्वाद आहे.

तर असाच एक मुक्त कोश चाळीत असतां, ‘राज्यसंस्थाच नसावी’ असें मानणाऱ्या पंथावरील लेख माझ्या दृष्टीस पडला. मीं आरंभींच एक वाक्य घातलें, कीं हें बंडाळीस उत्तेजन देणारें मत होय. रात्रीं जेवून पाहतों, तों वाक्य नाहींसें झालेलें! मीं तें पुन्हां घातलें. तें पुन्हां गेलें. चर्चा पानावर कोणा अनोळखी गृहस्थानें, कीं बाईंनीं, देव जाणे, एवढेंच विचारिलें होतें: ‘हें मत कोणाचें? आधार द्यावा.’ आधार! माझा आधार म्हणजे माझा फळा.

राग आला, हें लपवीत नाहीं. परंतु आयुष्यभर मुलांकडे उत्तराचें कारण मागणाऱ्यास या प्रश्नावर रागावण्याचा अधिकार कोठून येणार? मी शोधावयास बसलों. अयोध्याकांडांत दशरथाच्या मृत्यूनंतर राजाविना देशाची काय दैना होते, याचें लांबलचक वर्णन आहे. शांतिपर्वांत मोठा मासा लहान माशास गिळतो, तो मत्स्यन्याय आहे. माझा फळा तेथूनच आला होता. पण त्याच शांतिपर्वांत असेंहि सांगितलें आहे, कीं आरंभीं राज्य नव्हतें, राजा नव्हता, आणि प्रजा धर्मानें एकमेकांचें रक्षण करीत असे. तें मीं मुलांना कधींच सांगितलें नव्हतें.

पुढें आणखी गोंधळ झाला. ज्यास आपण १९१९ चा रौलट कायदा म्हणतों, त्याच्या सरकारी नांवांतच ‘अराजकी व क्रांतिकारी गुन्हे’ असे शब्द होते. म्हणजे परक्या सरकारनें देशभक्तांच्या कपाळीं मारलेला शिक्का मी स्वतंत्र देशांतल्या मुलांकडून घोकून घेत होतों! त्याच्या तीन वर्षें आधीं काशीच्या सभेंत गांधीजींनीं स्वतःस निराळ्या तऱ्हेचा अराजकवादी म्हणवून घेतलें होतें. मराठी विश्वकोशानें ‘अराज्यवाद’ हा शब्द योजिला आहे, आणि मला तो अधिक न्यायाचा वाटतो. त्यांत नाकारलेलें आहे तें राज्य, व्यवस्था नव्हे.

परंतु सर्वांत अधिक शिकलों तें एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीवरून. १९१०-११ च्या या आवृत्तींत हा लेख लिहावयास संपादकांनीं कोणास सांगावें? प्रिन्स क्रोपोत्किन यांस! जन्मानें रशियन सरदार, मतानें अराज्यवादी, आणि रशिया व फ्रान्स या दोन्ही देशांत तुरुंगवास भोगलेला गृहस्थ. त्यानें आपल्या पंथाचें म्हणणें शांतपणें मांडलें: लोकांनीं आपखुषीनें केलेल्या करारांवर समाज चालावा, वरून हुकूम नको. संपादकांना मात्र राहवलें नाहीं. त्यांनीं त्याच लेखांत कंस घालून स्वतःच्या सहीनें एक टीप जोडली. तत्त्वज्ञ अराज्यवादी खुनी कृत्यांशीं संबंध नाकारतील हें खरें, पण वाचक या शब्दाखालीं तीं कृत्यें शोधणार, म्हणून त्यांची हकीगत देत आहों, असा तिचा आशय. एका लेखांत दोन हात, आणि कोणाचा कोणता तें उघड दिसणारे! मला ही सचोटीची रीत वाटते.

इंग्रजी विकिपीडियांत या लेखावरून पुष्कळ झगडे झाले. सरकार नको, पण खाजगी मालमत्ता हवी, असें म्हणणारे या पंथांत धरावेत कीं नाहीं, हा त्यांतला एक. तेथें २४ तासांत एकाच लेखांत तीनहून अधिक वेळां दुसऱ्याचें लिखाण उलटवूं नये असा नियम आहे. न मानणाऱ्यास प्रचालक काही काळ दूर ठेवितात. म्हणजे राज्य नको म्हणणाऱ्यांनाहि आपल्या लेखापुरता कोतवाल लागलाच, असें मीं प्रथम हंसून म्हटलें. मग माझें हंसणें थांबलें, तें २६ जुलै आठवून.

२००५ च्या त्या दिवशीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी कुर्ल्याच्या घरांत शिरली. दूरध्वनि बंद, आगगाड्या बंद. शब्दशः अराजकच! तरी आमच्या गल्लींतल्या पोरांनीं दोर बांधून अनोळखी माणसांना पाण्यांतून काढलें, आणि ज्यांची नांवेंहि ठाऊक नव्हतीं त्यांना लोकांनीं माळ्यावर निजविलें. परस्पर साहाय्यावर क्रोपोत्किननें १९०२ सालीं पुस्तक काढलें, तें आमच्या गल्लींत कोणीं वाचलेलें नव्हतें. पाणी ओसरल्यावर चिखल व मेलेलीं जनावरें उचलावयास मात्र महानगरपालिकाच लागली, म्हणून मी अजून अराज्यवादी झालेलों नाहीं.

माझें तें वाक्य मीं पुन्हां घातलें नाहीं. त्याऐवजीं एम. पी. टी. आचार्य यांच्याविषयीं चार ओळी लिहिल्या. लंडनच्या इंडिया हाऊसमध्यें सावरकरांच्या सहवासांत वावरलेला, १९२० सालीं ताश्कंदला कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेंत असलेला आणि पुढें अराज्यवादी झालेला हा मद्रासी माणूस १९३५ पासून आपल्या मुंबईंत राहिला आणि १९५४ सालीं येथेंच वारला. या खेपेस आधार जोडला होता. ओळी टिकल्या. दुसऱ्या दिवशीं इतिहासाचें पान उघडलें, तों कोणीं तरी माझे जुने अनुस्वार तेवढे काढून टाकले होते. वडिलांकडून लागलेली ती खोड. ते मात्र मीं परत घातले नाहींत.