हलव्याचे दागिने आणि हळदीकुंकवाची बाजारपेठ

हलव्याच्या दागिन्यांचा धंदा नव्यानें आरंभिणाऱ्या गृहिणीला संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून सोयीची बाजारपेठ क्वचितच लाभेल. नव्या सुनेचा पहिला सण असो वा तान्ह्याचें बोरन्हाण असो, काळ्या वस्त्रावरील पांढरा शुभ्र हार पाहतांच चार जणी "हा कोणीं केला?" म्हणून विचारतात, आणि करणारी तेथेंच वाण घेऊन बसलेली असते.

अडचण पुढेंच आहे. परक्या गिऱ्हाइकाला निःशंकपणें सांगतां येणारी किंमत मावशीच्या शेजारणीला कशी सांगावी? "द्या काय द्यायचें तें," असें म्हणून ती मोकळी होते, आणि हातीं साखरेचेच काय ते पैसे पडतात! वास्तविक खसखशीच्या दाण्यावर मंद आंचेवर थेंब थेंब पाक सोडीत, बोटें पोळून घेत कांटा फुलवावा लागतो. पुढें दाणा न् दाणा दोऱ्यानें बांधावा, तेव्हां हार सिद्ध होतो. हे दिवस कोणी हिशेबांत धरीत नाहीं. बहुधा तीहि नाहीं.

शिवाय हंगामाचा भरंवसा नाहीं. संक्रांत सूर्यावर चालते, रथसप्तमी तिथीवर. २०२३ सालीं हा काळ अवघा १४ दिवसांचा होता. २०२४ सालीं ३३ दिवसांचा. उरलेला माल पावसाळी हवेंत पाघळतो. म्हणून जाणती कारागीर मार्गशीर्षांतच नमुने दाखवून विसार घेते, आणि समारंभांत प्रत्येक नमुन्याशेजारीं किंमतीची चिठ्ठी ठेवते. तोंडी सांगितलेल्या दरांत घासाघीस करणाऱ्या बायका लिहिलेला आकडा पाहून बहुधा मुकाट्यानें पिशवी उघडतात.