साठ वर्षांची इनिंग

(उत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो आणि रूळ-गिट्टीच्या कामात वीस वर्षे कशी गेली ते कळले नाही. ‘आवडीच्या विषयावर पंधरा मिनिटे बोला’ असा कार्यकारिणीचा आदेश झाला, म्हणून उभा आहे. माझी आवड एकच, विदर्भाची रणजी टीम. आपल्यापैकी अनेकांचे आजोळ नाहीतर सासर नागपूर, भंडारा, गोंदियाकडचे आहे, तेव्हा विषय परका वाटू नये.

नागपूरला आमचे तंत्रनिकेतन सदर भागात होते. तिथून व्हीसीएचे जुने मैदान पायी जाण्याइतके जवळ. प्रॅक्टिकल लवकर सुटले की आम्ही चार-पाच जण रणजीचा सामना बघायला जाऊन बसायचो. स्टँडमध्ये मोजकी डोकी असायची. ‘आपले पोट्टे कधी जिंकतील का रे?’ असे कोणीतरी म्हणायचे आणि बाकीचे हसायचे.

हसण्यासारखीच परिस्थिती होती. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो, पण करंडक काही हाती लागत नव्हता. मध्य विभागातल्या शेजाऱ्यांकडे पाहावे, तर आमच्या रेल्वेच्याच संघाने २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये रणजी जिंकली. ऑफिसात पेढे वाटले, मीही खाल्ले. पण खरे सांगतो, तोंड गोड झाले तरी मन नागपूरलाच होते.

मग २०१७-१८ चा मोसम आला. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. कोलकात्याला ईडन गार्डन्सवर कर्नाटकाशी उपांत्य सामना. पहिल्या डावात आपण १८५, ते ३०१. म्हणजे ११६ धावांची पिछाडी. दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या आणि त्यांना १९८ चे लक्ष्य दिले. रजनीश गुरबानीने ६८ धावांत ७ बळी घेतले आणि विदर्भ जिंकला, फक्त ५ धावांनी! हा गुरबानी इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला मुलगा. आमच्या डिप्लोमावाल्यांना डिग्रीवाल्याचा इतका अभिमान पहिल्यांदाच वाटला असेल.

इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत. अक्षय वाडकरने १३३ काढल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ ९ गडी राखून जिंकला. पहिल्या मोसमापासून बरोबर साठ वर्षांनी! पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक घरीच ठेवला. त्या सामन्यात आदित्य सरवटेने ११ बळी घेतले, पुजाराला तर दोन्ही डावांत त्यानेच बाद केले.

लोक म्हणाले, चमत्कार झाला. मी रेल्वेतला माणूस, माझा चमत्कारावर विश्वास नाही. आमच्याकडे कीमन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो. सैल झालेली चाबी ठोकतो, तडा दिसला तर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवतो. गाडी वेळेवर पोचली म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. विदर्भाच्या क्रिकेटमध्येही जिंकण्याच्या कितीतरी आधीपासून हेच चालले होते. निवासी अकादमी निघाली, लहान वयोगटांतली मुले तयार होऊ लागली. २०११ मध्ये उमेश यादव कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. बद्रीनाथ, गणेश सतीश, वसीम जाफर अशी बाहेरची जाणती माणसे आली. जाफर आदल्या मोसमात दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, तरी असोसिएशनने त्याचे पैसे दिले होते. त्याची जाण ठेवून २०१७-१८ मध्ये तो मानधन न घेता खेळला.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझा मुलगा मध्यमगती गोलंदाजी करतो. दोन वर्षांपूर्वी इथल्या निवड चाचणीत त्याचे नाव आले नाही. दहावीचे वर्ष जवळ आले होते. मी बापाच्या अधिकाराने सांगून टाकले, “एक वर्ष बघितलं, आता किट माळ्यावर टाक.” तो शांतपणे म्हणाला, “बाबा, विदर्भाला तुम्ही इतकी वर्षं दिलीत. मला एकच?”

मंडळी, मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्यांच्या पोरांसाठी आपल्याकडे केवढा धीर असतो! घरच्या पोरासाठी मात्र एका यादीत तो संपतो. किट माळ्यावर गेले नाही. त्याची निवड अजून झालेली नाही, कदाचित होणारही नाही. पण सकाळी साडेपाचला तो उठतो आणि दहावीही नीट पास झाला.

त्याची टीम मात्र छत्तीसगड. तो रायपूरचाच, त्यामुळे ते बरोबरच आहे. २०१६-१७ मध्ये मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड पहिल्यांदा रणजी खेळले आणि पहिल्याच सामन्यात त्रिपुराला हरवले. त्यानंतर अजून करंडक नाही. मी त्याला म्हणतो, “तुमची आत्ता कुठे सुरुवात आहे.”

विदर्भालाही पुन्हा पडावे लागलेच. २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने अंतिम सामन्यात १६९ धावांनी हरवले. पुढच्या वर्षी त्याच मुंबईला उपांत्य फेरीत हरवून, अंतिम सामन्यात केरळवर पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेऊन विदर्भाने तिसरा करंडक जिंकला. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम आहे. आणि केरळकडून आपल्याविरुद्ध ७९ धावा कोणी काढल्या? आपल्याच आदित्य सरवटेने! तो केरळकडून खेळत होता. मला राग आला नाही. आपणही कुठून कुठे आलो आणि जिथे आलो तिथले काम मन लावून करतोच ना?

तेव्हा या मांडवातल्या आईवडिलांना एकच विनंती. मुलाचे नाव यादीत आले नाही, एखादा मोसम वाया गेला, तर लगेच माळ्याची शिडी काढू नका. अभ्यास हवाच, पण धीरही हवा. बाप्पाकडे यश जरूर मागा, त्याआधी थोडा धीर मागा.

बोलण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.

गणपती बाप्पा मोरया!