पगार म्हणजे देणं



माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. तिथून पाहुण्यांचं सामान डोक्यावरून वर नेलं, की मिळते ती हमाली. लावणीला गेलं की मजुरी. हॉटेलात महिनाभर भांडी घासली, की पगार. खूश होऊन पाहुण्यानं हातावर ठेवली ती बक्षिशी.

यातला ‘पगार’ शब्द आला पोर्तुगिजांकडून. आपल्याच रायगडात रेवदंडा, कोर्लईला त्यांचे किल्ले आहेत. पोर्तुगीज आणि स्पॅनिश, दोन्ही भाषांत ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. दुकानाचं बिल भागवणं, कर्ज फेडणं, सगळ्याला हाच शब्द. केलेली चूक भोगावी लागली, तरी तोच! म्हणजे पगार हा उपकार नाही, मालकाच्या अंगावरचं देणं आहे.

अंगणवाडीताईंच्या पैशाला ‘मानधन’ म्हणतात. पण नाव वेगळं म्हणून हक्क जात नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही तेव्हाचा १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होता आणि त्यांचं मानधन हे वेतनच आहे.

तेव्हा बायांनो, काम धरताना विचारा: रोजावर की महिन्यावर? किती? कोणत्या तारखेला? बक्षिशी पगारात धरू देऊ नका. खाडे आणि उचल वहीत लिहा. लिहिता येत नसेल, तर लेकीकडून लिहून घ्या.

मागताना मान खाली घालू नका. देणं मालकाचं आहे, आपलं नाही.