नाडी न लागणारा आजार

ठाण्याहून भिवंडीकडे निघालं की खाडीपुलापलीकडे कशेळी लागतं. इथल्या एखाद्या विशी-पंचविशीतल्या मुलीचा हात गोदामात काम करताना सारखा भरून येत असेल, मनगटाची नाडी नीट लागत नसेल, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिकवर भागवू नका.

यामागे ताकायासू नावाचा एक दुर्मीळ आजार असू शकतो. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकिटो ताकायासू यांनी 1908 मध्ये एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांतला बदल नोंदवला, त्यावरून हे नाव पडलं. यात महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या स्त्रिया असतात. आपल्याकडे मूत्रपिंडाच्या धमन्याही बऱ्याचदा या आजाराच्या तावडीत सापडतात आणि कोवळ्या वयात रक्तदाब चढतो. म्हणून दाब दोन्ही हातांवर मोजून घ्या. एका हाताची रक्तवाहिनी अरुंद असेल तर तिथला आकडा फसवा, कमी येतो.

उपचार संधिवाततज्ज्ञांकडे होतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात संधिवाताचा विभाग आहे. सुरुवात स्टेरॉइडनं होते. चेहरा सुजला म्हणून ती गोळी मनानं एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. जोडीला मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतल्यास विषबाधा होते, म्हणून ठरलेला वार पाकिटावर मराठीत लिहून घ्या. उपचारांआधी क्षयरोगाची तपासणी होते, ती टाळू नका. आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, गर्भारपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही.