गुंठा, आर आणि नऊ वार

आम्ही धायरीहून बोलतोय. आज गप्पा मापांच्या.

एका दिवसात आपण किती मापं वापरतो बघा. दूध लिटरनं येतं. ब्लाउजचं कापड मीटरनं फाडतात, पण शिवणारी माप घेते इंचात. लुगडं मात्र नऊवारीच. वार म्हणजे ३ फूट. नऊ वार भरतात साधारण सव्वाआठ मीटर. पण सव्वाआठ मीटरचं लुगडं द्या, असं दुकानात कोण म्हणतं?

१९५६ साली देशात मीटर-किलोचा कायदा झाला. शेर गेले, तोळा राहिला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाकडे तोळा म्हणजे बहुधा १० ग्रॅम. नाव तेच, वजन वेगळं! आजीच्या जुन्या पाच तोळ्यांचे ५८ ग्रॅम होतात. म्हणून मोड घालताना तोळ्यात बोलू नका, ग्रॅममध्ये वजन करून घ्या.

मग जुनी मापं जात का नाहीत? कारण भाव त्यातच सांगतात. वाळू-खडी ब्रासवर येते, म्हणजे १०० घनफूट. एकटीनं माप बदललं तर व्यवहारच अडतो. शिवाय जुने कागद आणि हाताची सवय असतेच.

सगळ्यात जपायचं ते जमिनीत. आमच्या धायरीत शेतं गेली, गाव पुणे महापालिकेत गेलं, पण बोलणं अजून गुंठ्यातच. राज्याच्या २००१ च्या कायद्याच्या नावातही 'गुंठेवारी' आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. बांधकामवाला चौरस फुटात बोलतो. आणि शेताच्या सातबाऱ्यावर असतं हेक्टर, आर, चौरस मीटर.

आर म्हणजेच गुंठा, असं सर्रास म्हणतात. पण आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १०७६ चौरस फूट. एका गुंठ्यामागे तेरा फुटांचा फरक किरकोळ वाटतो. चाळीस गुंठ्यांमागे तो पाचशे चौरस फुटांवर जातो. एवढ्यात दोन खोल्या उभ्या राहतात, बायांनो!

म्हणून सातबाऱ्यावर ०.४०.०० दिसलं, तर तो पुरा एकर नव्हे. पुरा एकर साधारण ०.४०.४७ असतो. वाटणीपत्र असो, खरेदीखत असो, 'एक एकर' ऐकून अंगठा किंवा सही करू नका. किती हेक्टर, किती आर, किती चौरस मीटर, ते मोठ्यानं वाचून घ्या. तोंडी ठरलेलं आणि कागदावरचं एकाच मापात आणून ताडून बघा. फोनवर हा हिशेब दोन मिनिटांचा.

बोलायला गुंठा, तोळा, वार खुशाल ठेवू या. ती आपली भाषाच आहे. सही करताना मात्र कागदावरचं माप बघू या. पुढच्या बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीनं आपापला सातबारा घेऊन या, आणि एकमेकींचा वाचून दाखवा.