पदराआडचा धंदा



अमेरिकेत २००५ ते २०१२ या काळात दूरचित्रवाणीवर 'वीड्स' नावाची एक विनोदी मालिका चालली. तिची नायिका नॅन्सी, दोन मुलांची आई. राहायला सुखवस्तू वसाहतीत. नवरा अकस्मात गेला, मिळकत थांबली, आणि बाई गुपचूप गांजा विकू लागली. पाहणारा हसतो खरा. पण तिसऱ्या पर्वाच्या शेवटी ती आपल्याच हाताने आपले घर पेटवून देते. घर राखायला धरलेला धंदा घरच खातो.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. गूळ, नवसागर आणि पत्र्याचा डबा, एवढ्यावर आपल्याकडेही हातभट्टी लागते. आणि ती लावणारी कधी कधी लेकराबाळांची आईच असते. दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. धाड पडते, रसायन ओतून देतात, आणि पुष्कळदा चूल पुन्हा पेटते. का? रसायन सांडले, गरज तशीच राहिली.

गुरुजी, बाई, अशा घरचे एखादे मूल तुमच्याही वर्गात असेल. 'तुझी आई काय करते?' म्हटले की ते मान खाली घालते. त्याला चारचौघांत खोदून विचारू नका. आई विधवा असेल, उत्पन्नाच्या अटीत बसत असेल, तर तिला तहसील कचेरीची वाट दाखवा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तिथे होतो. २०२३ साली ही मदत दरमहा १५०० रुपये झाली.

एवढ्यात संसार भागत नाही, हे खरेच. पण त्या पैशासाठी लेकराला खोटे बोलावे लागत नाही.