पक्ष, साध्य, सिद्धता



भूमितीच्या बाई म्हणायच्या, "आकृतीत दिसतंय हे कारण नव्हे, सिद्धता लिही." माझे गुण तिथंच जायचे. आज त्याच सिद्धतेवर माझं पोट चालतं.

एआय चिपमध्ये असंख्य गुणाकार एकाच वेळी चालतात. ३२ बिटांच्या दोन संख्यांच्या सगळ्या जोड्या सेकंदाला १०० कोटी या वेगानं तपासल्या, तरी सुमारे ५८४ वर्षं लागतील. म्हणून आम्ही उत्तर नेहमी बरोबर येईल हे गणितानं सिद्ध करतो. पेंटियमच्या भागाकाराच्या तक्त्यात काही नोंदी राहून गेल्याचं १९९४मध्ये उघड झालं आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. चिप तयार झाल्यावर खोडरबर चालत नाही. मात्र साध्यच अपुरं मांडलं, तर सिद्धताही वाचवत नाही.

बाई, तुम्ही कापलेले गुण सत्कारणी लागले!